परसांतील वृक्ष आणि दारीं येणारे तज्ज्ञ

वैशाखाच्या अखेरीस, वळिवाचीं एक-दोन वादळें होऊन गेलीं म्हणजे, गांवोगांवीं एका विशिष्ट प्रकारचे गृहस्थ दिसूं लागतात. खांद्यावर दोराचें वेटोळें, दुचाकीला बांधलेली यांत्रिक करवत, आणि नजर सदैव वर. जुन्या वाड्याच्या भिंतीवरून डोकावणारें झाड दिसलें कीं ते कडी वाजवितात. “काका, तुमच्या झाडांत जीव राहिला नाहीं, यंदाच्या पावसांत घरावर येणार,” हें त्यांचें मंगलाचरण.

आमच्या कृष्णाकाठच्या घरीं दोन वर्षांपूर्वीं असेच दोघे आले. परसांत आजोबांनीं लाविलेला फणस होता. एकानें कोयत्याच्या मुठीनें बुंध्यावर टकटक केलें. एके ठिकाणीं आवाज घुमला. “ऐका, आंतून पोकळ आहे.” झाडालगतच्या खोलींत नातसुनेचें बाळंतपण व्हावयाचें होतें. वहिनींनीं हें ऐकलें मात्र, त्यांच्या तोंडचें पाणी पळालें. भाऊ कांहीं बोलण्यापूर्वींच सौदा ठरला. मजुरी अठरा हजार. आठ हजार आगाऊ, आणि उरलेल्या रकमेंतून लाकडाची किंमत वजा. “बारा घनफूट भरेल फार तर,” असें त्यांनीं स्वतःच सांगून टाकलें. परवानगीचें काय, असें मीं विचारलें, तेव्हां उत्तर मिळालें, “वाळलेल्या झाडाला परवानगी कसली? आणि लागलीच तर आमची ओळख आहे.” त्या वेळीं फणस फळांनीं लगडलेला होता. तीस वर्षें वर्गांत मुलांना “पुरावा काय?” म्हणून विचारणारा मी, तेथें मात्र गप्प बसलों. त्याचें शल्य अजून जात नाहीं.

रविवारीं, कचेऱ्या बंद असतां, तोड झाली. सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा कमरेला दोर न बांधतां शेंड्यापर्यंत चढला. एकदां त्याचा पाय निसटला, तेव्हां ओटीवर बसलेले आम्ही सर्व एकदम उभे राहिलों. तो खालीं आला असता तर त्याच्या आईस आम्हीं कोणत्या तोंडानें सामोरें जावयाचें होतें? सायंकाळीं सरळ खोड टेंपोंत चढलें. कौलें फुटलीं तीं फुटलींच, फांद्यांचा ढीग परसांतच राहिला, आणि “उद्यां येतों” म्हणून गेलेले अद्याप परतलेले नाहींत. दुसऱ्या दिवशीं बुंधा नीट पाहिला. पोकळी होती, पण ती एका बाजूस, तळहाताएवढी. बाकीचें लाकूड पिवळेंधमक आणि घट्ट. पंधरा दिवसांनीं नगरपालिकेची नोटीस आली, ती भाऊंच्या नांवानें. त्या दोघांची ओळख कोणाशीं होती, तें आम्हांस कधींच कळलें नाहीं.

“पोकळ, म्हणून मेलेलें” हा या धंद्यांतील मुख्य हेत्वाभास होय. वृक्षाचा जीव सालीलगतच्या थरांत असतो. मधला गाभा वयोमानानें निर्जीवच होतो आणि केवळ आधार देतो. तो कांहीं अंशीं गेला तरी झाड पुष्कळ वर्षें उभें राहूं शकतें. पोकळ वेळू वादळांत टिकतो हें आपण पाहतोंच. अमेरिकेंतील वनशास्त्रज्ञ ॲलेक्स शायगो (१९३०–२००६) यांनीं हजारों खोडें उभीं चिरून असें दाखविलें कीं, वृक्ष कुजलेल्या भागाभोवतीं जणूं भिंत घालून त्यास वेगळें पाडतो व बाहेर नवें लाकूड वाढवितो. कापलेल्या जागीं रंग वा डांबर फासल्यानें कूज थांबत नाहीं, हेंही त्यांच्याच अभ्यासांतून निघालें. तेव्हां त्या लेपाचे निराळे पैसे देण्याचें कारण नाहीं.

खऱ्या भयाचीं चिन्हें वेगळीं आहेत. बुंध्याशीं उगवलेलीं अळंबीं, एका बाजूची माती उचलली जाऊन पडलेली भेग, पूर्वीं सरळ असलेल्या झाडास अलीकडे आलेला कल, बेचक्यांतील उभी फट. यांपैकीं कांहीं दिसल्यास दिरंगाई करूं नये. तसेंच आंब्यास भिरूड कीड लागली असेल तर भोंकाखालीं ताजा भुसा पडतो. जुनें भोंक दाखवून औषधाचे पैसे मागणाऱ्यास तो भुसा दाखवावयास सांगावा. आणि मुख्य म्हणजे, निदान करणारा व करवत चालविणारा एकच असूं नये. ज्याला लाकूड मिळावयाचें, त्यानेंच वृक्षाचें आयुष्य ठरवावें, हें शिंक्याची राखण मांजराकडे सोंपविण्यासारखें आहे. नगरपालिकेचा उद्यान विभाग किंवा कृषि महाविद्यालयांतील उद्यानविद्येचे अध्यापक यांस आधीं विचारावें.

शहरांतील झाडांसाठीं आपल्याकडे १९७५ चा कायदा आहे. त्याप्रमाणें स्वतःच्या परसांतील झाडासही वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो, आणि ‘तोडणें’ या शब्दांत झाडास इजा करणेंही येतें. २०२१ च्या दुरुस्तीनें पन्नास वर्षांच्या वा त्याहून जुन्या वृक्षांस ‘प्राचीन वृक्ष’ म्हणून विशेष संरक्षण मिळालें. आमचा फणस त्यांतच बसत होता. खेड्यांतील आंबा, फणस, साग इत्यादि वृक्षांसाठीं १९६४ चा कायदा आहे. “परवानगी आम्ही काढूं” असें कोणी म्हटल्यास, मालकाच्या नांवाचा कागद हातीं येईपर्यंत झाडास हात लावूं देऊं नये.

आतां थोडें गणित. मास्तराला तें चुकत नाहीं. आमचें खोड आडवें पडलें तेव्हां भाऊंच्या एका नातवानें खेळतां खेळतां त्याच्या मध्यावर सुतळी गुंडाळली होती. ती सुतळी सहा फूट भरली. लांबी ओटीच्या पायरीपासून वृंदावनापर्यंत, म्हणजे दहा फूट. लांकूडबाजारांतील चौथाई घेराच्या हिशेबानें (घेराच्या चौथ्या भागाचा वर्ग गुणिले लांबी) हें साडेबावीस घनफूट होतें. ही रीतही व्यापाऱ्याच्या सोयीची, कारण गोल खोडाचें खरें घनफळ साडेअठ्ठावीसांहून किंचित् अधिक येतें. आम्हांस सांगितलें होतें बारा! हा हिशेब मीं केला तो टेंपो गेल्यानंतर तिसऱ्या दिवशीं.

यंदा पुढच्या आंब्याची एक वाळकी फांदी काढावयाची होती. या खेपेस उद्यान विभागाचा मनुष्य येऊन पाहून गेला, कागद आला, आणि मग एका माहितगार कारागिरास बोलाविलें. कोणती फांदी, पाला-काटक्या कोण नेणार, लाकूड कोणाचें, कौल फुटल्यास भरपाई कोणाची, सर्व एका कागदावर लिहून दोघांनीं सह्या केल्या. पैसे काम संपल्यावर. तो पट्टा व दोर बांधून चढला. खोडापासून हातभर अंतरावर प्रथम खालून अर्धवट काप, मग थोडें पुढें वरून. त्यामुळें फांदी साल सोलीत खालीं आली नाहीं. शेवटीं उरलेला खुंट खोडालगतची फुगीर वळी राखून कापला. भाऊंनीं शेंडाही थोडा उतरवावयास सांगितला, तेव्हां तो म्हणाला, “अण्णा, मुंडण केलें तर झाड अशक्त फुटवे काढतं, तेच पुढें मोडून पडतात.” आणि वरून उतरला. अधिक मजुरी नाकारणारा मनुष्य मीं या धंद्यांत प्रथमच पाहिला.

वहिनींनीं त्याला चहा दिला. फणसाच्या बुंध्यास आतां बाजूनें दोन फुटवे आले आहेत. ते राखावयाचे कीं काढावयाचे, याविषयीं भाऊंचें आणि माझें अद्याप एकमत झालेलें नाहीं.