पावाच्या वेष्टनावरील बारीक अक्षरें

पीठ, पाणी, मीठ व खमीर एवढ्यावर पाव होतो. मग ज्याला सस्तन प्राण्यांचें मांस सोसत नाहीं, त्यानें पावाचें वेष्टन कां वाचावें?

अमेरिकेच्या आग्नेय भागांत 'लोन स्टार' नांवाची गोचीड आढळते. तिच्या दंशानंतर कांहीं माणसांच्या रक्तांत 'आल्फा-गॅल' या शर्करेविरुद्ध द्रव्यें निर्माण होतात. मनुष्य, कपि व जुन्या जगांतील वानर सोडल्यास ही शर्करा बहुतेक सर्व सस्तन प्राण्यांत असते. २००९ सालीं व्हर्जिनिया विद्यापीठांतील थॉमस प्लॅट्स-मिल्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं या व्याधीचें वर्णन केलें. अन्नाची इतर अ‍ॅलर्जी बहुधा घटकाभरांत उमटते. हिचीं चिन्हें दोन ते सहा तासांनीं दिसतात. रात्रीं जेवलेला मनुष्य मध्यरात्रीं अंगावर गांधी उठून जागा होतो, क्वचित् त्याचा श्वास कोंडतो व रक्तदाब उतरतो. अशा वेळीं संध्याकाळच्या पावावर संशय कोण घेणार?

अमेरिकेंतील २००४ च्या कायद्यानें दूध, अंडीं, गहूं आदि आठ पदार्थांचा स्पष्ट उल्लेख आवश्यक केला. २०२३ पासून तीळ हा नववा झाला. सस्तन प्राण्यांचें मांस त्या यादींत नाहीं. डुकराची चरबी घातली असल्यास ती घटकांच्या यादींत स्वनामानें येते, आणि लोणी किंवा 'व्हे' म्हणजे फाटलेल्या दुधाचें पाणी, हींहि ओळखूं येतात. खरी अडचण 'मोनो व डायग्लिसराइड' आणि 'सोडियम स्टिअरॉइल लॅक्टिलेट' यांची. पाव मऊ राहावा म्हणून तीं घालतात. त्यांतील स्निग्धाम्लें ताडाच्या किंवा सोयाबीनच्या तेलाचीं असतील, गाईच्या चरबीचींहि असतील. वेष्टनावर उगम छापण्याचें बंधन नाहीं. कणीक सैल करणारें 'एल-सिस्टीन' बदकाच्या पिसांपासून, डुकराच्या केसांपासून वा किण्वनानें काढतात. तें एकच अमिनो आम्ल असल्यानें त्यांत ती शर्करा उरण्याचा संभव थोडा. त्याच्या नांवानें उगाच घाबरूं नये.

सर्वच रोग्यांना दूध बाधतें असें नाहीं. पुष्कळांना तें सोसतें. म्हणून वैद्य प्रथम मांस व चरबी सोडावयास सांगतात, आणि त्रास राहिला तरच दुधाकडे वळतात. मासे, कोंबडी व अंडीं या शर्करेपासून मुक्त आहेत.

तिकडे स्थायिक झालेल्या शाकाहारी मराठी कुटुंबांना हा विषय आपला नव्हे असें वाटणें साहजिक आहे. पण हिंदुस्थानांतील हिरवें चिन्ह दूध, लोणी व तूप यांना मोकळीक देतें. ज्याला दूधहि बाधतें त्याच्या दृष्टीनें त्या चिन्हाचा उपयोग अर्धाच. दूधविरहित म्हणून विकलेल्या पावांत चरबी असूं शकते.

उगम संदिग्ध असेल तेव्हां उत्पादकाला पत्र लिहावें व प्रश्न नेमका विचारावा. 'पाव शाकाहारी आहे काय?' असें न विचारतां 'डायग्लिसराइड कोणत्या तेलापासून केलें?' असें विचारावें. उत्तर त्या पाककृतीपुरतेंच खरें असतें. ती बदलली कीं वेष्टनावरील बारीक अक्षरें पुन्हा वाचावीं लागतात.