बंद खोलीतली ऊब

(हिवाळ्यातल्या एका सार्वजनिक व्याख्यानाचं संपादित शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांच्या प्रश्नांपैकी तीन दिले आहेत.)



आपण महाराष्ट्रातली माणसं स्वतःला थंड प्रदेशातली समजत नाही. मुंबई-कोकणापुरतं ते ठीकही आहे. पण निफाडला काही हिवाळ्यांत किमान तापमान ५ अंशांच्याही खाली जातं. नागपूर-गोंदियाकडे डिसेंबर-जानेवारीत १० अंशांखालच्या रात्री कुणाला नवलाच्या वाटत नाहीत. आणि आपली घरं बांधलेली असतात ती उन्हाळ्यासाठी. फरशी गार, खिडक्यांना फटी, वर सिमेंटचा स्लॅब, आणि घर तापवायची सोय कुठेच नाही. मग थंडी पडली की आपण दोन गोष्टी करतो. सगळं बंद करतो, आणि काहीतरी पेटवतो. शेगडी, गॅसचा गिझर, परवडत असेल तर विजेचा हीटर.

यातल्या पहिल्या दोन गोष्टी एकत्र आल्या, म्हणजे बंद खोली आणि जळणारं काहीतरी, की त्यात माणसं मरतात. दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात. म्हणून आज मला दोनच मुद्दे सांगायचे आहेत. एक, खोली तापवण्याच्या मागे लागू नका, माणसाला ऊब द्या. दोन, घरात जिथे काही जळतं तिथे हवा खेळती हवीच. पहिला मुद्दा पटला, की दुसरा पाळणं सोपं जातं. तर आधी पहिला.

खोली का तापत नाही?

एक साधी खोली घेऊ. १० बाय १२ फूट, उंची १० फूट, नऊ इंची विटांच्या भिंती. या खोलीत हवा किती? वजनाने साधारण ४० किलो. ही हवा १० अंशांनी तापवायला जेमतेम एक दशांश युनिट वीज लागते. २००० वॅटचा हीटर हे काम तीन-साडेतीन मिनिटांत करेल. मग तासभर हीटर लावूनही आपण कुडकुडत का बसतो?

कारण भिंती. दारं-खिडक्या वजा केल्या तरी त्या खोलीच्या भिंती पंधरा टनांच्या आसपास भरतात. वर स्लॅब, खाली फरशी, ते वेगळंच. आपण ४० किलो हवा तापवतो आणि ती हवा आपली उष्णता लगेच त्या पंधरा टनांना देऊन टाकते. शिवाय गरम हवा हलकी, म्हणून ती छताला जाऊन बसते. पंख्याची पाती उबदार आणि आपले पाय गार!

खर्चही बघा. २००० वॅटचा हीटर तासाला २ युनिटं खातो. रोज चार तास लावला तर महिन्याला २४० युनिटं. अनेक घरांचं एरवीचं अख्ख्या महिन्याचं बिलसुद्धा एवढ्या युनिटांचं नसतं.

आता दुसरी गोष्ट. थर्मामीटर २० अंश दाखवत असला तरी गार भिंतीला लागून बसलं की थंडी वाजते. कारण आपलं शरीर सतत किरणोत्सर्गाने उष्णता बाहेर टाकत असतं, आणि समोरची भिंत गार असेल तर ती आपल्याला परत फार कमी देते. डेन्मार्कचे पी. ओ. फँगर यांनी १९७० साली 'थर्मल कम्फर्ट' या पुस्तकात हे सगळं नीट मांडलं. माणसाला बरं वाटणं सहा गोष्टींवर अवलंबून असतं: हवेचं तापमान, भोवतालच्या भिंती-फरशीचं तापमान, हवेचा वेग, आर्द्रता, अंगावरचे कपडे आणि आपली हालचाल. हीटर घेऊन आपण पहिल्या एकाच गोष्टीशी झगडतो. बाकीच्यांपैकी बऱ्याचशा फुकट किंवा स्वस्तात आपल्या हातात असतात.

शेगडी आपल्यातच आहे

स्वस्थ बसलेला मोठा माणूस साधारण १०० वॅट उष्णता देत असतो. म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बाएवढी. खोलीत चौघं बसली की चारशे वॅट. प्रश्न फक्त ती उष्णता अडवण्याचा आहे.

आपल्या गोधडीचं शास्त्र हेच. गोधडी स्वतः गरम नसते. जुन्या लुगड्यांच्या थरांमध्ये हवा अडकते, आणि अडकलेली, स्थिर हवा उष्णता फार सावकाश जाऊ देते. म्हणून एका जाड ब्लँकेटपेक्षा दोन पातळ पांघरुणं बरी. म्हणूनच गोधडीला ऊन दाखवायचं. ओलसर, दबलेल्या कापसात हवा कमी आणि दमट जास्त, मग ऊब कुठून येणार? आणि एक गोष्ट आपण विसरतो, अंगाखालची. वर तीन पांघरुणं आणि खाली फरशीवर एक चटई, असं असेल तर उष्णता खालून निसटते. पांघरुणाइतकंच अंथरूण महत्त्वाचं.

जपानमध्ये 'कोतात्सु' नावाचा प्रकार आहे. बुटकं टेबल, त्यावर रजई, टेबलाखाली छोटा हीटर. सगळं कुटुंब पाय आत घालून बसतं. खोली गारच असते, माणसं मात्र मजेत. आपल्याकडे हेच काम रबरी पिशवी करते. दोन लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला एक दशांश युनिटाहूनही कमी वीज लागते. तेवढी वीज त्या मोठ्या हीटरला तीन मिनिटंही पुरत नाही. आणि पांघरुणात ठेवलेली ती पिशवी तास-दोन तास पाय गरम ठेवते. मात्र पिशवी कापडात गुंडाळूनच घ्यायची. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे त्यांना भाजलेलं कळत नाही. त्यांनी अंथरुणात आधी पिशवी फिरवावी आणि झोपताना बाजूला काढावी. तान्ह्या बाळाजवळ तर ती ठेवूच नये.

उरलं घर. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. पुण्याला डिसेंबरअखेर दुपारी तो क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवर असतो, म्हणून दक्षिणेच्या खिडकीतून ऊन बरंच आत येतं. तो पडदा दिवसा उघडा ठेवा. पंधरा टन भिंती तापवायचं काम सूर्याला करू द्या. ऊन गेलं की पडदे ओढा. बसायच्या जागी सतरंजी घाला. म्हाताऱ्या माणसांची कॉट बाहेरच्या भिंतीपासून हातभर आत सरकवा. दाराखालून येणारा झोत जुन्या कापडाची वळकटी लावून अडवा.

इथे मी फटी बुजवायला सांगतोय, पण त्याला एक अट आहे. त्या खोलीत काहीही जळत नसलं पाहिजे. आता दुसऱ्या मुद्द्याकडे येऊ.

न दिसणारा, वास नसलेला वायू

कोळसा, लाकूड, गॅस, काहीही जळताना हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. सिलिंडरच्या गॅसचा वास येतो, कारण तो मुद्दाम मिसळलेला असतो. या वायूला तसा पहारेकरी नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. म्हणजे रक्त वाहत असतं, श्वास चालू असतो, पण मेंदूला आणि हृदयाला ऑक्सिजन पोहोचत नाही. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, हातापायांतलं बळ जातं. उठून दार उघडायचं बळही जातं. झोपलेल्या माणसाला तर काहीच कळत नाही.

गॅस गिझरचं गणित करू. न्हाणीघर ४ बाय ६ फूट, उंची ८ फूट. आत हवा साधारण साडेसहा किलो. मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा गिझर दहा मिनिटांत सुमारे दीडशे ग्रॅम गॅस जाळतो. एक किलो गॅस नीट जळायला पंधरा किलोच्या आसपास हवा लागते. म्हणजे दहा मिनिटांत सव्वादोन किलो, न्हाणीघरातल्या हवेचा तिसरा हिस्सा संपला. वर जळून निघालेला वायू तिथेच राहिला. ज्योतीला ऑक्सिजन अपुरा पडू लागला की विषारी वायू झपाट्याने वाढतो. आणि थंडी म्हणून आपण झरोका बंद केलेला असतो, आतून कडी लावलेली असते.

म्हणून गॅस गिझर न्हाणीघरात नकोच. बाहेर, मोकळ्या हवेच्या गॅलरीत बसवा, फक्त पाण्याचा नळ आत आणा. भाड्याच्या घरात तो आतच असेल आणि हलवता येत नसेल, तर दार उघडं ठेवून बादली भरा, गिझर बंद करा, थोडा वेळ हवा खेळू द्या, मग आंघोळीला जा. हा नियम घरातल्या प्रत्येकाला, पाहुण्यांनाही, सांगा.

बाळंतिणीची खोली

या खोलीबद्दल मला वेगळं बोलायचं आहे. बाळंतिणीला शेक-शेगडी ही आपली जुनी रीत. बाजेखाली निखारे, बाळाला धुरी. जुन्या घरांत कौलांच्या फटी असायच्या, माळवदाला झरोका असायचा, धूर निघून जायचा. आज तीच शेगडी आपण फ्लॅटच्या बेडरूममध्ये नेतो, जिथे सरकत्या काचा घट्ट बसतात. रीत तीच राहिली, घर बदललं.

आजींशी वाद घालू नका. त्यांचा हेतू बरोबर आहे. बाळाला ऊब लागतेच, आईलाही बरं वाटतं. फक्त आग खोलीबाहेर ठेवा. स्वयंपाकघरात तव्यावर कापड गरम करा, स्वतःच्या मनगटाला लावून बघा आणि मग आईला शेक द्या. बाळासाठी सर्वांत चांगली शेगडी म्हणजे आईची छाती. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉक्टरांनी कमी वजनाच्या बाळांना आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायला सुरुवात केली. ती 'कांगारू' पद्धत आज आपल्या दवाखान्यांतही शिकवतात. टोपडं, मोजे, आईच्या अंगाशी बाळ आणि दोघांवर एक शाल. यात धूर नाही, खर्च नाही.

घरात असं काही घडलं तर

घरातल्या दोघातिघांचं एकदम डोकं दुखू लागलं, मळमळू लागलं, आणि शेगडी किंवा गिझर चालू आहे, तर अपचन समजून झोपू नका. दारं-खिडक्या उघडा, जळणारं बंद करा, सगळ्यांना मोकळ्या हवेत न्या. कुणी बेशुद्ध असेल किंवा गुंगीत असेल तर १०८ला फोन करा. बरं वाटलं तरी दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना 'बंद खोलीत शेगडी होती' किंवा 'गिझर चालू होता' हे आवर्जून सांगा. गरोदर बाई असेल तर मुळीच थांबू नका. पोटातल्या बाळाला हा वायू जास्त बाधतो.

श्रोत्यांचे प्रश्न

*निखारे पूर्ण फुलले की धूर येत नाही. मग शेगडी आत घेतली तर चालेल ना?*

नाही. धूर नाही म्हणजे वायू नाही, असं होत नाही. लालबुंद निखाऱ्यांच्या थरातून जाताना कार्बन डायऑक्साइडचाच कार्बन मोनॉक्साइड होतो. धूर असताना निदान आपण खोकून बाहेर तरी पळतो. फुललेले निखारे त्या अर्थाने जास्त फसवे. अंगणात शेका, आत आणू नका. विझत आलेले सुद्धा नाही.

*विजेच्या हीटरनेही खोलीतला ऑक्सिजन संपतो म्हणतात.*

विजेच्या हीटरमध्ये काही जळत नाही, त्यामुळे ऑक्सिजन संपत नाही. हवा तापली की कोरडी भासते, नाक-घसा सुकतो, त्यावरून तसं वाटतं. त्याचा धोका निराळा आहे, आगीचा. मोठा हीटर १५ किंवा १६ अँपियरच्या सॉकेटलाच लावा, एक्स्टेंशन बोर्डावर नको. त्यावर कपडे वाळत घालू नका, पडद्यापासून लांब ठेवा आणि झोपताना बंद करा.

*करोनापासून घरात ऑक्सिमीटर आहे. त्यावर कळेल का?*

फार चांगला प्रश्न. नाही कळणार. बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन ओळखत नाही, त्याला तो ऑक्सिजनच समजतो. माणूस अत्यवस्थ असताना तो ९८ दाखवू शकतो. म्हणून आकडा बघत बसू नका. आधी खिडकी उघडा आणि माणसाला बाहेर काढा.