दुसऱ्यांदा भरलेलं काडतूस किती भरवशाचं?

अमेरिकेतल्या नेमबाजीच्या रेंजवर सराव संपला की बरेच नेमबाज वाकून पितळेच्या रिकाम्या पुंगळ्या वेचू लागतात. गोळी निघून गेलेली असते, दारू जळालेली असते, दारू पेटवणारी छोटी टोपी, म्हणजे प्रायमर, खर्ची पडलेला असतो. पुंगळी मात्र शाबूत असते आणि काडतुसाचा सर्वांत महागडा भाग तीच. साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असलेलं हे पितळ दाबाखाली फुगतं आणि लगेच आकसतं. त्यामुळे तीच पुंगळी अनेकदा वापरता येते. नवा प्रायमर, मोजून घेतलेली दारू आणि नवी गोळी बसवली की काडतूस पुन्हा तयार. घरच्या टेबलावर चालणारं हे काम तिथे एकोणिसाव्या शतकापासून सुरू आहे. १९६८च्या बंदूक नियंत्रण कायद्यानुसारही स्वतःच्या वापरापुरती काडतुसं भरायला परवाना लागत नाही. धंदा म्हणून विकायची असतील तर लागतो.

पण पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हरमध्ये अशी काडतुसं वापरणं कितपत सुरक्षित? काडतूस पुन्हा भरलं म्हणून धोकादायक होत नाही. ते भरणाऱ्याच्या शिस्तीइतकंच सुरक्षित असतं. अडचण अशी, की तयार काडतुसाकडे बघून ती शिस्त कुणालाच ओळखता येत नाही.

दाबाचं गणित

आपल्या स्वयंपाकघरातला कुकर दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो दाबावर शिट्टी देतो. ९ मिमी पिस्तुलाच्या काडतुसासाठी अमेरिकी उत्पादकांच्या ‘सामी’ या संस्थेने घालून दिलेली मर्यादा आहे दर चौरस इंचाला ३५,००० पौंड, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला जवळपास अडीच हजार किलो. ‘.४५ एसीपी’साठी ती २१,००० पौंड आहे आणि जुन्या ‘.३८ स्पेशल’साठी १७,०००. १९२६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेची मानकं तिथले काडतूस कारखाने पाळतात.

एवढा दाब निर्माण करणारी दारू ९ मिमीच्या पुंगळीत असते ग्रॅमच्या साधारण एक तृतीयांश. इतक्या कमी मापात थोडा फरकही मोठा ठरतो. त्यात हातातल्या शस्त्राची नळी आखूड, म्हणून दारू भराभर जळणारी. रायफलच्या पुंगळीत दारू बहुधा काठोकाठ येते. चुकून दुप्पट ओतली तर ती सांडते आणि चूक उघडी पडते. ‘.३८ स्पेशल’ची पुंगळी मात्र जागा खाणाऱ्या काळ्या दारूच्या काळातली. आजची धूरविरहित दारू तिचा छोटासा भाग व्यापते. दुप्पट माप तिच्यात आरामात मावतं, वर गोळी बसते आणि चूक झाकली जाते. असं काडतूस उडालं तर रिव्हॉल्व्हरचं चक्र फुटू शकतं, बोटं आणि डोळे जाऊ शकतात.

फुसका बारही घातक

दारू भरायची राहून गेली, तरीही संकट टळत नाही. एकटा प्रायमर गोळीला नळीत ढकलतो आणि ती मध्येच अडकून बसते. आवाज दबका येतो, धक्का जाणवत नाही. त्याच नळीतून पुढची गोळी सुटली तर नळी फुगते किंवा फाटते. अर्धस्वयंचलित पिस्तुलात अशा वेळी वरचा सरकता भाग बहुधा मागे येत नाही, म्हणजे शस्त्र स्वतःच थांबून इशारा देतं. पण भरभर गोळ्या झाडायची सवय असलेला हात तो भाग मागे खेचून मोकळा होतो. रिव्हॉल्व्हरमध्ये तेवढाही अडथळा नाही. चाप ओढला की चक्र फिरून पुढचं काडतूस हजर. म्हणून आवाज वेगळा वाटला की थांबायचं, शस्त्र रिकामं करायचं आणि नळी आरपार मोकळी आहे का ते पाहायचं.

तिसरा दोष गोळी आत सरकण्याचा. पकड सैल असेल किंवा तेच काडतूस चेंबरमध्ये पुन्हा पुन्हा चढवलं असेल, तर गोळी पुंगळीत खोल जाते. आतली जागा घटते आणि दाब झपाट्याने चढतो. १९९० साली आलेलं ‘.४० एस अँड डब्ल्यू’ यासाठी विशेष ओळखलं जातं. दाब ३५,००० पौंडांचा आणि आत मोकळी जागा थोडी.

सगळ्याच चुकांनी स्फोट होत नाही. बऱ्याच चुका शस्त्र फक्त अडवतात. प्रायमर किंचित वर राहिला तर रिव्हॉल्व्हरचं चक्र फिरत नाही. पुंगळी जुन्या मापाला पुरती परतली नसेल तर पिस्तुलाच्या चेंबरमध्ये ती पूर्ण बसत नाही. सरावात याने वेळ जातो. जीव वाचवण्याच्या क्षणी मात्र तोच दोष जिवावर बेततो.

वेग आणि नजर

काडतूस भरायच्या पूर्वीच्या साध्या हातयंत्रावर, म्हणजे प्रेसवर, एका वेळी एकच काम होई. दारू घातलेल्या पुंगळ्या ट्रेमध्ये ओळीने उभ्या राहत आणि दिव्याखाली प्रत्येकीत डोकावता येई. पुढे टप्प्याटप्प्याने फिरणारे प्रेस आले. ॲरिझोनातल्या माइक डिलन यांच्या यंत्रांनी ते घरोघरी नेले. दांडा एकदा ओढला की एक काडतूस तयार, तासाला शेकडो. पण मध्येच काही अडकलं, दांडा अर्ध्यावरून परत गेला, की एका पुंगळीत दुप्पट दारू आणि दुसरीत शून्य अशी गफलत होऊ शकते. जाणकार म्हणूनच टेबलावर एका वेळी एकाच प्रकारची दारू ठेवतात, छापील पुस्तिकेतल्या कमी मापापासून सुरुवात करतात, तराजू तपासतात, प्रत्येक पुंगळीत डोळ्यांनी पाहतात आणि डब्यावर तारीख, दारू, वजन, गोळी यांची नोंद करतात. प्रायमरच्या धुरात आणि वापरलेल्या पुंगळ्यांच्या धुळीत शिसं असतं, त्यामुळे हात धुणं हाही सुरक्षिततेचाच भाग.

कारखानेही चुकतात. पण त्यांच्या खोक्यावर लॉट क्रमांक असतो. दोष आढळला तर नेमका तो लॉट परत मागवता येतो. शस्त्र बनवणाऱ्या अनेक कंपन्या पुन्हा भरलेली काडतुसं वापरू नका असं बजावतात, ग्लॉकसारख्या कंपन्या तर हमीही नाकारतात. त्या टेबलावर काय घडलं हे तपासायला त्यांच्याकडे कुठलाच मार्ग नसतो.

न्यायालयातही हीच अडचण येते. न्यू जर्सीतल्या १९८९च्या एका मृत्युप्रकरणात घरी भरलेली हलकी काडतुसं होती. गोळी किती अंतरावरून सुटली, हे दारूच्या खुणांवरून ठरवायचं होतं आणि प्रयोगशाळेने चाचणी घेतली ती कारखान्याच्या काडतुसांवर. त्या वादातून, स्वसंरक्षणासाठी कारखान्याचंच काडतूस वापरावं, हा सल्ला तिथल्या प्रशिक्षकांमध्ये अधिक पक्का झाला.

भारतात शस्त्र कायदा, १९५९ नुसार परवान्याशिवाय काडतुसं बनवणं गुन्हा आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या आशियाई खेळांत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण मिळवलं. त्या प्रकारातलं ‘.२२’ काडतूस पुन्हा भरण्याजोगं नसतंच. पेट घेणारं मिश्रण पुंगळीच्या कडेत असतं आणि पिन आदळली की ती कड चेपून निकामी होते.

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या कुणाला रेंजवर मित्राने प्रेमाने स्वतः भरलेली काडतुसं पुढे केली, तर नम्रपणे नाही म्हणावं. त्यात मित्रावर अविश्वास नाही. तिथले अनुभवी लोकही दुसऱ्याचं भरलेलं काडतूस वापरत नाहीत आणि आपलं दुसऱ्याला देत नाहीत. स्वतः भरणाऱ्यानेही मन थाऱ्यावर नसेल त्या दिवशी प्रेसला हात लावू नये. शंका आलेलं काडतूस उकलून टाकायला काही मिनिटं लागतात. ती वाचवण्याइतकी घाई कुणालाच नसते.