जुनी यंत्रं, चालती यंत्रं (भाग ६) : मायक्रोबीचा पडदा काय सांगतो?

वीजपुरवठा तपासून झाला, बोर्डावर ४.७५ ते ५.२५ व्होल्टच्या आत दाब मिळतोय आणि तरीही संगणक चालत नाही, इथवर आपण मागच्या आठवड्यात आलो होतो. आता बोर्डाकडे वळू. या वेळी समोर घ्यायचं यंत्र खास ऑस्ट्रेलियाचं आहे : मायक्रोबी.

फेब्रुवारी १९८२ मध्ये 'युवर कम्प्युटर' मासिकातून हा संगणक सुट्या भागांचा संच म्हणून लोकांपुढे आला. तो काढला ओवेन हिल यांच्या अप्लाइड टेक्नॉलॉजी या कंपनीने. पुढे सिडनीच्या उत्तरेला वेस्ट गॉस्फर्डमध्ये त्याचं उत्पादन होऊ लागलं, न्यू साउथ वेल्सच्या शाळांमध्ये तो पोचला, थेट स्वीडनलाही गेला. दुरुस्ती करणाऱ्याने यातली एक गोष्ट लक्षात ठेवायची : सुरुवातीचे बोर्ड घेणाऱ्यांनी घरीच सोल्डर केलेले आहेत. कुणाचा हात बसलेला होता, कुणी आयुष्यात पहिल्यांदा सोल्डरिंग गन धरली होती. त्यामुळे अशा बोर्डात चिप मेली असण्याआधी ड्राय सोल्डरचा संशय घ्यावा. भिंगातून पाहिलं की पिनेभोवती केसाएवढी गोल भेग दिसते, सोल्डर चकचकीत न दिसता राखाडी, दाणेदार दिसतं. तिथे थोडं फ्लक्स लावून सांधा पुन्हा तापवायचा. निम्मे बोर्ड इथेच जागे होतील असं मी म्हणणार नाही, पण सुरुवात इथूनच करावी.

मागच्या बाजूचं पाच पिनांचं डिन सॉकेट आधी पाहा. वीज आत येते ती, पडद्याचा सिग्नल बाहेर जातो तो आणि कॅसेटची ये-जा, हे सगळं या एकाच सॉकेटातून होतं. वायर ओढून ओढून त्याचे सांधे सैल होतात आणि एकाच बिघाडाची तीन वेगवेगळी दुखणी दिसायला लागतात.

मेमरी टिकवण्यासाठी बसवलेली बॅटरी गळली असेल तर तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवट-पांढरा थर दिसेल. ते अल्कली असतं. व्हिनेगरचे दोन थेंब, मग स्वच्छ पाणी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि पूर्ण वाळल्यावर प्रत्येक पट्टीची कंटिन्युटी. वरून धड दिसणारी पट्टी आतून खाल्लेली असू शकते.

पडदा पूर्ण काळा असेल तर झेड-८० प्रोसेसरच्या चार पिना मोजायच्या. ११ वर पाच व्होल्ट, २९ वर ग्राउंड, ६ वर क्लॉक, २६ वर रीसेट. रीसेट कमी दाबाला काम करतो, म्हणून यंत्र चालू असताना २६ वर जवळपास पाच व्होल्टच हवेत. शून्य दिसले तर प्रोसेसर बहुधा निर्दोष आहे, त्याला कुणी सुरूच होऊ देत नाहीये. आपल्याकडे पॉलिटेक्निकमध्ये ८०८५ चे किट हाताळलेल्यांना हा प्रोसेसर परका वाटणार नाही. दोघांचंही मूळ ८०८० मध्येच आहे.

आता या भागाचा खरा विषय. पडदा लागला आहे, पण अक्षरं चुकीची येताहेत. अशा वेळी पुष्कळ जण वैतागून चिपा उपटायला लागतात. मला हे पाहवत नाही, कारण इतकी नेमकी माहिती यंत्र दुसऱ्या कुठल्याही अवस्थेत देत नाही.

समजा इंग्रजी 'ए' दाबलं आणि 'सी' उमटलं. 'डी'चं 'एफ' झालं, पण 'बी', 'सी', 'एफ', 'जी' ठीक आहेत. रिकाम्या जागी सगळीकडे दुहेरी अवतरणचिन्हं दिसताहेत. आस्कीमध्ये 'ए' म्हणजे ६५, 'सी' म्हणजे ६७. रिकामी जागा ३२, अवतरणचिन्ह ३४. प्रत्येक ठिकाणी फरक दोनाचा. ज्यांच्या अंकात तो दोन आधीच आहे ती अक्षरं शाबूत राहिली. म्हणजे आठ बिटांपैकी दोन किमतीचा बिट कायमचा 'एक'वर अडकलाय.

अडकलाय कुठे? बेसिकमध्ये 'प्ले १' टाइप करा. पडद्यावर 'आर-एन-सी' आणि चौकटी कंस असं काहीतरी अगम्य दिसेल. पण सूर वाजला, तर मुख्य मेमरीत शब्द बरोबर पोचला आहे आणि दोष फक्त पडद्याच्या वाटेवर आहे. पडद्याची मेमरी ६१४४० या पत्त्यापासून सुरू होते. तिथे 'पोक'ने ६५ टाका आणि 'पीक'ने परत वाचा. उत्तर मात्र पडद्यावर छापून घेऊ नका : याच दोषामुळे ५ हा आकडाही ७ दिसतो, त्यामुळे उत्तर ६५ असो वा ६७, पडद्यावर ६७ च येणार. त्याऐवजी छोटा प्रोग्राम लिहा : ६५ परत आले तर सूर वाजव. वाजला, तर मेमरी चांगली आहे आणि तिथून अक्षरांच्या रॉमपर्यंतची वाट तपासायची. नाही वाजला, तर संशय पडद्याच्या मेमरीवर आणि तिच्या डेटा लाइनवर. आता कुठे सोल्डरिंग गन तापवायची.

कीबोर्डचीही एक खुबी सांगायला हवी. मायक्रोबीत कीबोर्ड वाचायला वेगळी चिप नाही. पडदा रंगवणारी ६५४५ चिप पत्ते मोजत जाते, तेच पत्ते कीबोर्डवरूनही फिरतात, आणि दाबलेल्या बटणाची खूण तिच्या लाइट पेनच्या पिनेवर येते. विलक्षण काटकसरीची रचना आहे ही! म्हणून चित्र स्थिर आणि सगळीच बटणं मुकी असतील, तर बटणं घासत बसण्याआधी त्या पिनेपर्यंतची वाट तपासा. चित्रही नाही आणि बटणंही नाहीत, तर पहिला संशय ६५४५ वर.

चिप काढावीच लागली तर तिचे पाय कापून एकेक पिन सुटी काढा. चिप जाईल, पट्टी वाचेल. जागी सॉकेट बसवा. झिलॉगने २०२४ मध्ये पारंपरिक झेड-८० च्या शेवटच्या ऑर्डरी घेतल्या, तेव्हा चांगला प्रोसेसर निष्कारण तापवू नका. आणि जुना काचेचा मॉनिटर मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यात जीवघेणा दाब उरतो.

पुढच्या आठवड्यात कॅसेट : ३०० बॉडला प्रोग्राम चढतो, १२०० ला का चढत नाही?