जंतूच्या नावात पिंपरी

पिंपरी म्हटले की आपल्याला मोटारी, स्कूटर आणि यंत्रांचा खणखणाट आठवतो. ही ओळख आता थेट चाकणपर्यंत पसरली आहे. पण टेल्को आणि बजाज यांच्याही आधी या माळावर एक निराळा कारखाना उभा राहिला. तेथे लोखंड तापवीत नसत, बुरशी वाढवीत. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ साली स्थापन झालेली ही सरकारी कंपनी म्हणजे हिंदुस्तान अँटिबायॉटिक्स. देशाला पेनिसिलिनसाठी परक्याच्या दारात उभे राहावे लागू नये, हा तिचा हेतू.

पेनिसिलिनच्या विजयात एक मेख होती. ते जंतू मारते, बुरशीला मात्र हात लावीत नाही. शत्रूबरोबर शरीरातले निरुपद्रवी जंतूही मेले, की मोकळ्या अंगणात तण माजावे तशी बुरशी माजते. तोंडात पांढरे चट्टे येतात, कानात व नाजूक जागी खाज सुटते. मग या बुरशीला औषध कोणते?

हे कोडे पिंपरीत ज्यांनी हाती घेतले ते डॉ. एम. जे. तिरुमलाचार वैद्य नव्हते. १९१४ साली जन्मलेले हे संशोधक पिकांवरील तांबेरा आणि काणी या रोगांचे जाणकार. गव्हाच्या पानावरची बुरशी ओळखणारा डोळा माणसाच्या रोगाकडे वळला, यात नवल नाही. बुरशीचे कुळ दोन्हीकडे एकच!

मातीत स्ट्रेप्टोमायसिस नावाचे जंतू राहतात. वळवाच्या पहिल्या सरीनंतर जो मृद्गंध आपल्याला वेडावतो, तो बराचसा यांचाच. हे जंतू शेजाऱ्यांना रोखणारी द्रव्येही तयार करतात. अशाच एका जंतूपासून तिरुमलाचार, एस. के. मेनन आणि व्ही. व्ही. भट यांनी बुरशीनाशक मिळवले व १९६१ साली ते प्रसिद्ध केले. औषधाला नाव दिले हामायसिन; त्यातला 'हा' हिंदुस्तान अँटिबायॉटिक्सचा. जंतूचे नाव ठेवले स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. न्यूयॉर्क राज्याच्या नावावरून नायस्टॅटिन हे नाव पडले होते. तोच मान आता पिंपरीला मिळाला. भाषेच्या शिक्षकाला याचे अप्रूप वाटणारच. पाट्या बदलतात, शास्त्रीय नाव मात्र ग्रंथात टिकते.

हे औषध तो जंतू घडवतो तरी कसे? गजरा ओवावा तसे. कार्बनच्या लहान लहान तुकड्यांना एकापुढे एक जोडत लांब साखळी करायची, टोके जुळवून तिचे कडे करायचे आणि शेवटी त्याला शर्करेचा एक रेणू अडकवायचा. हे कडे बुरशीच्या पेशीपटलातील अर्गोस्टेरॉल नावाच्या द्रव्याला जाऊन चिकटते. पटलाला गळती लागते आणि बुरशी मरते. अडचण एवढीच, की आपल्या पेशीपटलात अर्गोस्टेरॉलचे भावंड, कोलेस्टेरॉल, असते. त्यामुळे शत्रू आणि मालक यांतला फरक औषधाला बेताचाच कळतो. म्हणून अशी औषधे पोटात देताना जपावे लागते. तरीही १९६०च्या दशकात अमेरिकेतील डॉक्टरांनी बुरशीच्या अंतर्गत रोगांवर हामायसिन वापरून पाहिले. याच प्रयोगशाळेतले ऑरिओफंगिन पिकांच्या रोगांवर कामी आले. तिरुमलाचारांचे पाऊल जणू पुन्हा शेतात पडले.

पुढे ते अमेरिकेत कॅलिफोर्नियात गेले. तेथे त्यांनी संशोधनसंस्था उभारण्यात भाग घेतला. १९९९ साली ते निवर्तले. इकडे परदेशी स्वस्त मालापुढे कंपनी कर्जात रुतली. २०१६ साली केंद्र सरकारने तिची जादा जमीन विकून देणी भागवण्याचे ठरवले. ज्या कारखान्यात मातीतल्या जंतूंतून औषध शोधले, तेथे मातीचा भाव चौरस मीटरवर आला.

हिशेब चुकीचा म्हणता येणार नाही. कामगारांचे पगार आणि देणी खरीच असतात. पण आज जुन्या औषधांना न जुमानणाऱ्या बुरशी जगभर डोके वर काढीत आहेत, आणि त्यांच्यावर चालणारी औषधे मोजकीच आहेत. नव्या शोधासाठी मूठभर माती पुरते, पण ती वर्षानुवर्षे चिकाटीने चाळणारी माणसे आणि त्यांना सांभाळणारी संस्था लागते. पिंपरीने हे दोन्ही एकदा करून दाखवले होते. मुलांना मोटारींचे कारखाने दाखवायला नेताना, वाचकहो, एवढी गोष्ट त्यांच्या कानावर जरूर घाला.