यंत्रामागचे यंत्र (लेखांक 9) : थेट दुसऱ्याच्या मेमरीत

मागच्या लेखांकात आपण भाषेचे मोठे मॉडेल घडवायला एक जीपीयू का पुरत नाही, ते पाहिले. उदाहरणच घ्यायचे तर, म्हाइंभटांनी इ.स. 1278 च्या सुमारास ज्या रिद्धपुरात लीळाचरित्र सिद्ध केले, तिथेच आता मराठी भाषा विद्यापीठ आहे. महानुभावांच्या पोथ्यांतल्या सकळ, सुंदरी या सांकेतिक लिप्या ओळखायला यंत्राला शिकवणे एखाददुसऱ्या जीपीयूवरही जमेल. पण जुनी-नवी मराठी जाणणारे मोठे मॉडेल पहिल्यापासून घडवायचे, तर शेकडो जीपीयू एकत्र जुंपावे लागतात. आयआयटी मुंबईच्या नेतृत्वाखाली 2024 मध्ये भारतीय भाषांसाठी सुरू झालेल्या भारतजेन प्रकल्पापुढेही हेच गणित आहे.

खरी अडचण इथूनच सुरू होते. प्रशिक्षणाच्या प्रत्येक पायरीनंतर सगळ्या जीपीयूंना आपापले आकडे एकमेकांना द्यावे लागतात. जो सर्वांत मागे राहील त्याच्यासाठी बाकीचे थांबतात. कोट्यवधींची यंत्रे नुसती वीज खात बसतात.

नेहमीच्या नेटवर्कमध्ये सर्व्हरच्या कार्डावर पाकीट आले की ते ऑपरेटिंग सिस्टीमच्या ताब्यात जाते. तिथे तपासणी होते, मग मजकुराची नक्कल प्रोग्रामच्या मेमरीत उतरते. पानभर मजकुरासाठी हे ठीक आहे. पण 100 गिगाबिटच्या दोरीवर 1500 बाइटची पाकिटे सेकंदाला 80 लाखांहून जास्त येतात. तेवढ्यांची उठाठेव करण्यातच प्रोसेसरचा जीव जातो. आरडीएमए, म्हणजे दूरच्या मेमरीत थेट प्रवेश, हा सारा मधला फेरा काढून टाकतो. प्रोग्राम आपल्या मेमरीचा एक तुकडा आधीच नोंदवतो, तो जागचा हलणार नाही अशी हमी घेतो आणि त्याची किल्ली समोरच्या यंत्राला देतो. शेजाऱ्याला घरातल्या एकाच कोठीची किल्ली द्यावी, त्याने येऊन धान्य ओतून जावे, घरधन्याला झोपेतून उठवायचे काम नाही. तसा हा व्यवहार. आणणे-ठेवणे सगळे कार्डच करते.

महाराष्ट्रात ही गोष्ट नवी नाही. पुण्याच्या सी-डॅकने 1991 मध्ये परम 8000 हा महासंगणक उभा केला, तेव्हापासून यंत्रे जोडायची कशी हा प्रश्न तिथे आहेच. परमनेट ही जोडणी त्यांनी स्वतः घडवली. 2008 च्या परम युवामध्ये तिची तिसरी पिढी होती. 2013 च्या परम युवा-2 मध्ये इन्फिनिबँड नावाची जोडणी आली. 2020 च्या नोव्हेंबरमध्ये जगातल्या 500 महासंगणकांच्या यादीत 63 वा आलेला परम सिद्धी-एआय 200 गिगाबिटच्या इन्फिनिबँडवर चालतो. इन्फिनिबँड मुळातच आरडीएमएसाठी बांधलेले. त्यात पुढच्याकडे जागा असल्याशिवाय मागचा पाठवतच नाही, त्यामुळे गर्दीपायी पाकिटे सांडत नाहीत.

पण इन्फिनिबँडला स्विचपासून सगळे वेगळे लागते आणि ते महाग. म्हणून हीच पद्धत साध्या इथरनेटवर आणली गेली. तिला रोसी म्हणतात. 2014 मध्ये आलेली तिची दुसरी आवृत्ती यूडीपीच्या 4791 क्रमांकाच्या पोर्टवरून जाते, त्यामुळे राउटर ओलांडू शकते. टीसीपीवर चालणारा आयवॉर्प हा तिसरा मार्गही आहे, पण तो मागे पडला. मेटाने 2024 मध्ये 24,576 जीपीयूंचे दोन समूह उभे केले, एक रोसीवर आणि एक इन्फिनिबँडवर. दोन्ही चालले. तेव्हा इथरनेटवर हे जमत नाही, असे आता कुणी म्हणू नये. जमते, पण मांडणी चोख लागते.

ती मांडणी बघू. कार्ड आधी योग्य खाचेत बसले पाहिजे. 100 गिगाबिटचे कार्ड तिसऱ्या पिढीच्या आठपदरी पीसीआय खाचेत लावले, तर वेग साठेक गिगाबिटवर अडतो आणि काम चालूच राहत असल्याने ते सहज लक्षात येत नाही. मेमरी जखडून ठेवायची मर्यादा लिनक्समध्ये मुळात तोकडी असते. ती वाढवली नाही तर नोंदणीच फसते. यानंतर जीआयडीची, म्हणजे पोर्टच्या पत्त्यांची, यादी पाहायची. एकाच पोर्टच्या नावावर रोसीच्या दोन्ही आवृत्त्यांच्या नोंदी असतात. चुकून पहिल्या आवृत्तीची निवडली, तर एका रॅकमध्ये सगळे सुरळीत आणि राउटरपलीकडे शुकशुकाट. पाकिटाचा आकार कार्डावर 9000 केला आणि स्विचवर 1500 च राहिला, तर छोटे निरोप पोचतात, मोठे वाटेतच गळतात.

सर्वांत नाजूक भाग गर्दीचा. रोसीला गळती सोसत नाही, म्हणून आरडीएमएच्या पाकिटांना वेगळा वर्ग देतात, बहुधा तिसरा. त्या वर्गापुरते ‘जरा थांब’ म्हणणारे पीएफसी चालू करतात. शिवाय गर्दी होऊ लागताच पाकिटावर खूण करणारे ईसीएन लावतात, म्हणजे पाठवणारा आपणहून हात आखडता घेतो. हे दोन्ही कार्डांवर आणि वाटेतल्या प्रत्येक स्विचवर सारखेच हवे. नुसत्या पीएफसीवर विसंबणे धोक्याचे. एक बिघडलेले कार्ड सतत ‘थांब’ ओरडत राहिल्याने अख्खे जाळे तुंबल्याचा अनुभव मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांनी 2016 मध्येच जाहीरपणे मांडला आहे.

सुरुवातीला आरडीएमए सापडलेच नाही तरी काम बंद पडत नाही, ही यातली खरी मेख. जीपीयूंना बोलते ठेवणारे एनसीसीएल गुपचूप साध्या सॉकेटवर उतरते. दिवे हिरवे, पिंग चालू, प्रशिक्षणही चालू, फक्त कित्येक पट हळू. एनसीसीएलची नोंद उघडून त्यात ‘नेट/आयबी’ आहे की ‘नेट/सॉकेट’, एवढे वाचले तरी निम्मे निदान होते. उरलेले ‘आयबी_राइट_बीडब्ल्यू’ ही चाचणी सांगते: 100 च्या दोरीवर 90 च्या वर आकडा आला नाही, तर कुठेतरी पाणी मुरते आहे.

सुरक्षेचेही बोलले पाहिजे. हा सगळा व्यवहार ऑपरेटिंग सिस्टीमला वळसा घालून होतो, म्हणून सर्व्हरवरच्या फायरवॉलला तो दिसत नाही. मजकूर आपोआप गुप्तही होत नाही. तेव्हा हे जाळे वेगळेच ठेवावे, वसतिगृहाच्या वायफायच्या शेजारी नव्हे.

आपल्याकडच्या निविदांत कार्डाचा वेग ठळक लिहिलेला असतो, चाचणीचा कुठे पत्ता नसतो. विदर्भातल्या ज्या संस्था पुढेमागे असे यंत्र घेतील, त्यांनी एक अट जरूर घालावी: प्रत्येक सर्व्हरची प्रत्येक दुसऱ्याशी आरडीएमएची चाचणी, तीही सगळे एकाच वेळी बोलत असताना, आणि तिचे आकडे हातात पडल्याशिवाय शेवटचा हप्ता नाही.