फुंकलं, शून्य आलं. मग?

मोठा अपघात झाला की चोवीस तासांच्या आत एक वाक्य हमखास कानावर पडतं. टीव्हीवरचा वार्ताहर म्हणतो, टपरीवर चहा ओतणारा म्हणतो, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर कुणीतरी ठामपणे जाहीरच करतं: "ड्रायव्हरची टेस्ट निगेटिव्ह आली, नशेत नव्हता." मी दर वेळी विचारतो, कसली टेस्ट? उत्तरही ठरलेलं असतं. "अहो, मशीनमध्ये फुंकायला लावलं ना!"

ते मशीन दारू ओळखतं. फक्त दारू. गांजा नाही, एमडी (मेफेड्रोन) नाही, अफूची बोंडं नाहीत, झोपेची गोळी नाही. रक्तातलं अल्कोहोल फुप्फुसात उडून श्वासात मिसळतं. मशीनच्या आत प्लॅटिनमच्या पट्टीवर त्याची रासायनिक क्रिया होते, बारीकसा वीजप्रवाह तयार होतो आणि त्यावरून आकडा उमटतो. अल्कोहोल उडणारा पदार्थ आहे म्हणून हे जमतं. अल्प्राझोलामची गोळी घेतलेला माणूस दिवसभर फुंकत बसला तरी आकडा शून्यच येणार. या मशीनला गांजाबद्दल विचारणं म्हणजे वजनकाट्याला उंची विचारणं.

यावर लोक म्हणतात, "पण गंभीर अपघातानंतर सगळ्या चाचण्या सक्तीनं होतात ना?" नाही होत. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 मध्ये दारू आणि इतर अंमली पदार्थ असे दोन वेगळे भाग आहेत. दारूसाठी आकडा ठरलेला आहे: 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम. इतर पदार्थांसाठी असा आकडा नाही. तिथे चालकाला गाडीवर नीट ताबा ठेवता येणार नाही इतका अंमल होता, हे सिद्ध करावं लागतं. कलम 203 मधली रस्त्यावरची श्वासचाचणी दारूची खूण शोधण्यासाठी आहे, असं त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात लिहिलेलं आहे. आणि तीही संशयाला वाजवी कारण असेल तर अधिकारी घेऊ 'शकतो'. अपघातात माणूस दगावला तरी अंमली पदार्थांची तपासणी आपोआप होत नाही. कुणाला तरी शंका यावी लागते आणि ती कागदावर यावी लागते.

कागदाचं महत्त्व इथेच आहे. पोलीस चालकाचं 'मेडिकल' करून आणतात, रक्ताची बाटली न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जाते. सोबतच्या पत्रात मद्यांश तपासा एवढंच लिहिलं असेल तर मद्यांशच तपासला जातो. मग सीए, म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा, रिपोर्ट 'निगेटिव्ह' येतो, म्हणजे दारू निगेटिव्ह. बातमीत मात्र 'नशा नव्हती' असं छापून येतं. चूक प्रयोगशाळेची नाही, तिला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिनं दिलेलं असतं.

आता वेळेकडे वळू, कारण दारूच्या बाबतीतही निगेटिव्ह रिपोर्टचा अर्थ वेळेशिवाय लागत नाही. शरीर साधारण तासाला 100 मिलिलिटरमागे 10 ते 20 मिलिग्रॅम या वेगानं दारू संपवतं. पुण्यात कल्याणीनगरला 19 मे 2024 रोजी पहाटे अडीचच्या सुमारास पोर्शे गाडीच्या धडकेत दोन तरुण अभियंते गेले. आरोपीचं रक्त घेतलं गेलं सकाळी अकराच्या सुमारास. ते नमुनेच बदलले गेल्याचा पोलिसांचा आरोप आहे, डीएनए तपासणीतून हा बदल उघड झाल्याचं ते सांगतात आणि त्या प्रकरणात डॉक्टरांना अटकही झाली. पण ती बाब घटकाभर बाजूला ठेवा आणि साधा हिशेब करा. साडेआठ तास, तासाला 15 धरले तर सव्वाशे मिलिग्रॅमच्या वर. अपघाताच्या क्षणी कायद्याच्या मर्यादेच्या चौपट दारू अंगात असलेल्या कुणाही माणसाचं रक्त त्या वेळेपर्यंत स्वच्छ होऊ शकतं, आणि त्यासाठी बाटली बदलावी लागत नाही. म्हणून रिपोर्ट काय आला हे विचारण्याआधी रक्त किती वाजता घेतलं ते विचारावं.

अमेरिकेत ट्रक आणि बसच्या व्यावसायिक चालकांसाठी हे घड्याळ नियमातच आहे. मृत्यू झालेला अपघात असेल तर संशय असो वा नसो, चाचणी सक्तीची. दारूची दोन तासांत झाली नाही तर का झाली नाही ते लिहून ठेवायचं आणि आठ तासांनंतर प्रयत्नच थांबवायचा, कारण तोवर उत्तराला अर्थ उरत नाही. अंमली पदार्थांसाठी मुदत 32 तासांची. यामागे 1987 चा मेरीलँडमधला रेल्वे अपघात आहे. त्यात 16 जण गेले आणि इंजिनावरच्या कर्मचाऱ्यांनी गांजा घेतल्याचं निष्पन्न झालं. त्यानंतर 1991 मध्ये वाहतूक कर्मचाऱ्यांच्या चाचण्यांचा कायदा आला.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग लघवी तपासा, पॉझिटिव्ह आली की आत टाका. हाही गैरसमजच, फक्त उलट्या बाजूचा. गांजाचा अंमल काही तासांत उतरतो. लघवीत सापडतो तो त्याचा शरीरानं मोडून तयार केलेला अवशेष, आणि तो चरबीतून हळूहळू बाहेर पडत असल्यानं रोज ओढणाऱ्याच्या लघवीत काही आठवडेही दिसू शकतो. म्हणजे गेल्या रविवारचा गांजा या शुक्रवारच्या अपघाताला चिकटवता येतो. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा खात्याच्या अभ्यासात (2015, व्हर्जिनिया बीच) अपघातातले तीन हजारांवर आणि अपघात न झालेले सहा हजार चालक तपासले गेले. वय, लिंग, दारू वगैरेंचा हिशेब वजा केल्यावर, केवळ गांजाचा अंश सापडलेल्यांच्या अपघाताचा धोका लक्षणीय वाढलेला दिसला नाही. याचा अर्थ गांजा ओढून खुशाल गाडी चालवा असा काढू नका. अंश सापडणं आणि अंमल असणं या दोन गोष्टी आहेत, इतकाच तो अर्थ. त्यामुळे नमुना रक्ताचा हवा, लवकर घेतलेला हवा, आणि डॉक्टरनं चालकाच्या डोळ्याची बाहुली, बोलणं, चाल त्याच वेळी तपासून लिहिलेली हवी.

लाळ किंवा लघवी तपासून झटपट निकाल देणाऱ्या पट्टीवरही आंधळा विश्वास नको. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात डिसेंबर 2004 मध्ये रस्त्यावर लाळेची चाचणी सुरू झाली. पॉझिटिव्ह म्हणून कॅमेऱ्यांपुढे आलेला पहिलाच चालक पुढे प्रयोगशाळेत निर्दोष ठरला. शिवाय बाजारात मिळणाऱ्या नेहमीच्या पाच पदार्थांच्या पट्टीत गांजा, कोकेन, ॲम्फेटामिन, अफूवर्गीय पदार्थ आणि पीसीपी असतात. आपल्याकडे ज्याचा बोलबाला आहे ते मेफेड्रोन, म्हणजे एमडी, त्या यादीत नाही.

उरलेले गैरसमज चटकन. "रक्त देणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष, नकार देता येतो": बोटांच्या ठशांसारखा शारीरिक पुरावा म्हणजे साक्ष नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या 11 न्यायमूर्तींनी 1961 मध्येच सांगितलंय आणि अटकेतल्या आरोपीची वैद्यकीय तपासणी करायला नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 51 आहे. "पान, वेलची, कांदा खाल्ला की मशीन फसतं": तोंडाचा वास बदलतो, फुप्फुसातली हवा नाही. "रक्त घेताना स्पिरिटचा बोळा फिरवला की केस गेली": म्हणूनच अशा वेळी स्पिरिट वापरायचं नसतं.

आणि "डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळीचा कायद्याशी काय संबंध?" 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 185 मधल्या व्याख्येत अंमली पदार्थांविषयीच्या एनडीपीएस कायद्यातले मनःप्रभावी पदार्थही येतात. अल्प्राझोलाम आणि डायझेपाम त्याच यादीत आहेत, चिठ्ठी खिशात असली तरी.